सहा, तेरा की साठ?



सिम्हाथ तोरा आटोपल्यावर आम्ही पाच आठवडे योकोहामाला नातीकडे राहून आलो. परत आल्यापासून अश्दोदमध्ये भेटेल तो एकच विचारतो, “जपानमध्ये काय काय पाहिले?” खरे सांगायचे तर पाहिले थोडे आणि ऐकले फार. आमचे गुडघे चढ-उताराला नाही म्हणतात आणि योकोहामात टेकड्याच टेकड्या. त्यात पाऊस. नातजावयाला मात्र जुन्या तबकड्यांचा नाद आहे. एक खोली त्यानेच भरलेली. “सब्बा, तुम्ही बसा आणि ऐका,” असे नातीने फर्मावले. (ती आम्हांला आजोबा म्हणत नाही. मराठी सगळे समजते, उत्तर हिब्रूतून येते.)

तेव्हा हा लेख त्या तबकड्यांवर. प्रश्न साधा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या काही रचना आधी मोजक्या वाद्यांसाठी लिहिल्या गेल्या आणि नंतर त्याच मोठ्या वाद्यवृंदासाठी मांडल्या गेल्या. दोन्हींच्या तबकड्या मिळतात. ऐकावी कोणती? आपल्यातले पुष्कळ जण आता हॉलपर्यंत जाऊ शकत नाहीत, जे ऐकायचे ते घरातच. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अगदीच फावल्या वेळचा नाही.

आधी एक कबुली. आम्ही जन्मभर मोठ्या ताफ्याचे भक्त. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली, तिच्या गोष्टी ऐकत आम्ही मुंबईत वाढलो. इथे आल्यावर त्यांचाच मुलगा, आपला मुंबईकर झुबिन, इस्राएल फिलहार्मोनिकपुढे उभा राहिला, तेव्हा तर आमची छाती फुगली. साठ-सत्तर माणसे एका काठीच्या इशाऱ्यावर वाजवतात ते खरे संगीत, चार जण कोपऱ्यात बसून वाजवतात ती तालीम, असे आमचे मत होते. आपल्या लोकांत ऑर्केस्ट्रा म्हटले की लग्नाच्या हॉलमधला सिंथेसायझर आणि ड्रमवाला डोळ्यांपुढे येतो, ती गोष्ट निराळी.

दुसरी कबुली कानाची. आमच्या उजव्या कानात यंत्र आहे. वाद्ये जास्त झाली की यंत्रातून सगळे एकात एक मिसळून येते. म्हणून आमचा निकाल कानाच्या दोषाने वाकू नये यासाठी नातीला शेजारी बसवले. तिचे कान तिशीचे. जिथे ती आमच्याशी सहमत नाही तिथे तसे लिहिले आहे.

पहिली रचना सर्गेई प्रोकोफिएव्हची ‘हिब्रू विषयांवरील ओव्हर्चर’. माणूस रशियन, यहुदी नव्हे, पण रचना न्यूयॉर्कची, १९१९ सालची. आणि तिचा रस्ता योकोहामावरून गेला आहे. रशियात क्रांती झाल्यावर १९१८ च्या वसंतात प्रोकोफिएव्ह सायबेरियाच्या आगगाडीने व्लादिवोस्तोकला आला, तिथून जपानला. तोकियोत त्याने पियानोचे दोन कार्यक्रम केले आणि ९ जुलैला योकोहामाच्या ग्रँड हॉटेलात एक. ऑगस्टच्या आरंभी याच बंदरातून तो अमेरिकेला निघाला. ते हॉटेल आता नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात ते गेले, आज त्या जागी बाहुल्यांचे संग्रहालय आहे. शेजारची यामाशिता बाग त्याच भूकंपाच्या ढिगाऱ्यावर भराव घालून केली आहे. बागेत एक घुमटीचे पाणपोईवजा कारंजे आहे, ते हिंदी व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये बांधून दिले. भूकंपानंतर योकोहामाच्या लोकांनी त्यांना आसरा दिला, त्याची ही फेड. हिंदुस्थानी नक्षी पाहून आम्ही तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो. भूकंपापूर्वी योकोहामात यहुदी वस्तीही होती, जपानमधली पहिली. भूकंपानंतर बरेच लोक कोबेला गेले. टेकडीवरच्या परदेशी कबरस्तानात हिब्रू अक्षरांचे दगड आजही आहेत. पण आम्ही भरकटलो.

न्यूयॉर्कमध्ये प्रोकोफिएव्हला त्याचे रशियातले ओळखीचे वादक भेटले. सहा यहुदी, ‘झिम्रो’ नावाचा त्यांचा संच. चार तंतुवाद्ये, एक क्लॅरिनेट, एक पियानो. क्लॅरिनेटवाला सिमिऑन बेलिसन त्यांचा म्होरक्या, जो पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा प्रमुख क्लॅरिनेटवादक झाला. तेही सायबेरिया आणि अतिपूर्वेतून वाजवत वाजवतच अमेरिकेला पोहोचले होते, आणि त्यांना जायचे होते एरेत्स इस्राएलला. यहुदी संगीताचे एक घर तिथे उभारायचे, हे त्यांचे स्वप्न. त्यांनी सुरावटींची एक वही प्रोकोफिएव्हपुढे ठेवली आणि आमच्यासाठी काही लिही म्हणाले. आपण दुसऱ्यांच्या सुरांवर लिहीत नाही, असे म्हणून त्याने आधी नकार दिला. मग एके संध्याकाळी वही उघडून पियानोवर बसला आणि थोड्याच दिवसांत रचना तयार झाली. १९२० च्या आरंभी ती न्यूयॉर्कमध्ये वाजली, पियानोवर स्वतः प्रोकोफिएव्ह. वाद्यवृंदासाठी त्याने ती मांडली थेट १९३४ मध्ये.

रचना आठ-नऊ मिनिटांचीच. पहिला सूर लग्नातल्या नाचाचा, क्लॅरिनेटवर, हसता हसता घसा दाटून यावा तसा. दुसरा सूर आधी चेलोवर येतो. नवरी घर सोडताना आईबापांना ‘सुखी राहा’ म्हणते, त्या यिद्दिश गाण्याशी त्याचे नाते सांगतात. यिद्दिश आपली भाषा नव्हे. पण मेंदीच्या रात्री आपल्या बायका गात असत तेव्हा स्वर कुठे जाऊन थांबत, हे ज्याला आठवते त्याला अर्थ विचारावा लागत नाही.

सहा वाद्यांची तबकडी आम्ही मिशेल बेरोफचा पियानो, मिशेल पोर्ताल यांचे क्लॅरिनेट आणि पारेनँ चौकडी यांची ऐकली. वाद्यवृंदाची क्लाउदिओ आब्बादो आणि चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप यांची. आब्बादोंची तबकडी स्वच्छ, डौलदार, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण लग्न परक्याचे वाटते, आपण रस्त्याच्या पलीकडून पाहतो आहोत असे. सहा जणांच्या तबकडीत आपण मांडवात आहोत. पियानो खाली ठेका धरतो तो गावातल्या बँडसारखा, जिथे माणसे कमी म्हणून प्रत्येकाला दोघांचे काम करावे लागते. चेलोवर नवरीचा निरोप येतो तेव्हा तो एकीचा आवाज असतो. तोच सूर मोठ्या संचात अनेकांनी मिळून वाजवला की निरोपाचा देखावा होतो, निरोप राहत नाही. नातही इथे आमच्याच बाजूची. प्रोकोफिएव्हने वाद्यवृंदाची मांडणी करायला पंधरा वर्षे लावली, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

आता दुसरी रचना. हिच्यावर आमचे सगळ्यांत अधिक दिवस गेले.

एरन कोपलंडचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. जन्म १९०० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. आईबाप लिथुआनियाच्या बाजूचे यहुदी, दुकान चालवणारे. बार मित्सवा तिथल्या केन स्ट्रीटच्या सिनेगॉगमध्ये. अशा घरातल्या मुलाने खेड्यापाड्यातल्या ख्रिस्ती अमेरिकेचे असे संगीत लिहिले की आज अमेरिकन माणसे ते आपल्या मातीचा आवाज समजतात. रचनेचे नाव ‘ॲपलेचियन स्प्रिंग’. मार्था ग्रॅहम या नर्तिकेच्या नृत्यनाट्यासाठी ती लिहिली. गोष्ट एवढीच की डोंगराळ मुलखात एक नवे जोडपे नव्या घरात संसार मांडते. शेजारी येतात, उपदेशक येतो, आनंद होतो, भीतीही येते, शेवटी शेजारी निघून जातात आणि दोघे आपल्या घरात उरतात.

पहिला प्रयोग ३० ऑक्टोबर १९४४ रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या छोट्या नाट्यगृहात झाला. तिथे वादकांना जागा थोडी. म्हणून कोपलंडने तेराच वाद्ये घेतली: बासरी, क्लॅरिनेट, बसून, पियानो आणि नऊ तंतुवाद्ये. पुढच्याच वर्षी त्याने यातला काही भाग गाळून मोठ्या वाद्यवृंदासाठी एक संच केला, आणि जग ओळखते ते त्यालाच. त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिकही मिळाले. गंमत अशी की लिहिताना त्याच्या मनात ॲपलेचियन पर्वत नव्हते आणि वसंतही नव्हता. नाव मार्थाबाईंनी मागाहून एका कवितेतून उचलले, आणि कवितेतला ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत नव्हे, झरा. तरी लोक त्याला येऊन सांगत की तुमच्या संगीतात आम्हांला तो डोंगर दिसतो, आणि तो हसून घेई.

योकोहामाचे नाते असे. या नाट्याचा रंगमंच सजवला इसामु नोगुचीने. बाप जपानी कवी, आई अमेरिकन. इसामु लहानपणी जपानमध्ये वाढला, योकोहामाच्या सेंट जोसेफ शाळेत शिकला, आणि १९१८ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, एकटा अमेरिकेला पाठवला गेला. म्हणजे ज्या साली प्रोकोफिएव्ह या बंदरातून गेला त्याच साली. पुढे तो मोठा शिल्पकार झाला. जेरुसलेमला इस्राएल म्युझियममध्ये टेकडीच्या उतारावर दगडी बांधांची जी शिल्पबाग आहे, जिथे आपल्यातले अनेक जण नातवंडांना घेऊन गेले असतील, ती त्याचीच, १९६५ सालची. ‘ॲपलेचियन स्प्रिंग’साठी त्याने घर बांधलेच नाही. चार वासे उभे केले, थोडी फळ्यांची भिंत, एक कुंपण, एक हडकुळी झुलती खुर्ची. घर आहे हे प्रेक्षकाने समजून घ्यायचे.

आम्हांला वाटते, या सजावटीपाशीच प्रश्नाचे उत्तर आहे. तेरा वाद्ये म्हणजे ते चार वासे.

नातजावयाकडे दोन्ही तबकड्या होत्या आणि दोन्हींत संचालक स्वतः कोपलंड, म्हणून तुलना न्याय्य झाली. पहिली १९५९ ची, बॉस्टन सिम्फनीबरोबर आरसीए व्हिक्टरसाठी केलेली, जपानी छपाईची, कडेला कागदी पट्टा तसाच. (जपानची व्हिक्टर कंपनी योकोहामाचीच, तिचा कारखाना इथे १९३० पासून. तिच्या तबकड्यांवरही तोच कुत्रा भोंग्यापुढे बसलेला. आमच्या वडिलांच्या ग्रामोफोनवरचा तो कुत्रा इतक्या वर्षांनी असा भेटला.) दुसरी तबकडी १९७३ ची, तेरा वाद्यांची, पूर्ण नृत्यनाट्याची. तिच्यासोबत तालमीचीही एक तबकडी आहे. वादक जरा लाडिक वाजवू लागले की म्हातारा कोपलंड त्यांना आवरतो, गोडवा कमी करा म्हणतो. ती तालीम आम्ही दोनदा ऐकली. आपल्या हज्जानांनी ऐकावी असे आमच्या मनात आले.

बॉस्टनची तबकडी लावली आणि पहिल्या मिनिटात पहाट झाली. तंतुवाद्ये एकावर एक येतात, खोली मोठी होते. कबूल करतो, डोळे भरले. शेकर पंथाच्या साध्या भजनाची चाल पुढे येते, तिची रूपे एकामागून एक उलगडतात आणि शेवटी पितळी वाद्यांसह सगळा ताफा तिला उचलून धरतो. ते ऐकून जो हलत नाही त्याला संगीत ऐकवू नये. नात म्हणाली, “सब्बा, यापेक्षा तेरा वाद्ये चांगली म्हणालात तर हट्ट समजेन.”

मग दुसरी तबकडी. सुरुवातीला चुकल्यासारखे वाटले. आवाज कोरडा, पियानोची खटखट पुढे, पहाट नाहीच, सकाळी उठून कोणी खिडकी उघडली एवढेच. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. इथे कोण वाजवतो आहे ते कळते. बासरी एक मुलगी आहे, बसून हा कोणी थोराड शेजारी. नृत्य वेगाचे होते तेव्हा आठ-नऊ तंतुवाद्यांना श्वास लागतो आणि तो श्वास ऐकू येतो. शिवाय संचात गाळलेला भाग इथे आहे. भजनाची रूपे चालू असताना मध्येच काळजीचे ढग येतात, पुरुषाला घर सोडून कुठे जावे लागेल की काय अशी धास्ती. हे १९४४ चे संगीत आहे, लढाई चालू होती. तो भाग काढल्यावर संच सुंदर झाला, पण भजनाचा मोठा गजर फुकट मिळाल्यासारखा झाला. पूर्ण नाट्यात तीच चाल भीतीनंतर परत येते. संख्या कमी असूनही ती मोठी वाटते, कारण मध्ये काही तरी घडून गेले आहे.

इथे कोणी म्हणेल, हा फरक गाळलेल्या भागाचा, वाद्यसंख्येचा नव्हे. रास्त आहे. म्हणून आम्ही दोन्हींत असलेला शेवटच लावून पाहिला. शेजारी गेल्यावर तंतुवाद्यांवर पडदा लावून एक प्रार्थनेसारखा भाग येतो. बॉस्टनचा ताफा तो वाजवतो तेव्हा मऊ धुके पसरते, कानाला सुख होते. त्या नऊ वाद्यांत मात्र धाग्याला धागा वेगळा दिसतो, एखादा जरा उसवलेलाही. शब्बाथ संपताना दिवा लावायच्या आधी घरात जी वेळ असते ती आम्हांला तिथे ऐकू आली. नात बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “शेवट तेराचा. गजर बॉस्टनचा.” आम्ही तह मान्य केला. ज्यांना एकच तबकडी घ्यायची आहे त्यांनी तरी तेराची घ्यावी. बॉस्टनची कुठे ना कुठे कानावर पडतेच.

तिसऱ्या रचनेवर थोडक्यात. अर्नेस्ट ब्लॉख, जिनिव्हाचा यहुदी, १९१६ मध्ये अमेरिकेला आला आणि तिथलाच झाला. १९२३ मध्ये त्याने व्हायोलिन आणि पियानोसाठी ‘बाल शेम’ लिहिले, आईच्या स्मरणार्थ. तीन भाग: विदुई, निगुन, सिम्हाथ तोरा. १९३९ मध्ये पियानोच्या जागी वाद्यवृंद आणला. चित्रे हसिदी लोकांची आहेत, आपल्या तफिल्लेचा सूर निराळा. तरी किप्पुरला छातीवर मूठ ठेवून उभे राहिलेल्याला विदुई समजायला हरकत नाही. आयझॅक स्टर्न आणि अलेक्झांडर झाकिन यांची पियानोवाली तबकडी आम्हांला पसंत; नातीला जोशुआ बेलची, बाल्टिमोर सिम्फनीबरोबरची. सिम्हाथ तोरासाठी तिचे म्हणणे आम्ही मानतो, सेफर तोरा घेऊन नाचायला गर्दी हवीच. पण कबुली माणूस एकटाच देतो. मागे चाळीस वाद्ये हुंदके देऊ लागली की ते नाटक होते.

स्टर्नचे नाव आले आणि फेब्रुवारी १९९१ आठवले. जेरुसलेमच्या त्या मैफलीची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली आहे. झुबिन मेहता, इस्राएल फिलहार्मोनिक, मोझार्ट चालू, आणि सायरन. वादक मंचावरून गेले, लोकांनी तोंडावर मुखवटे चढवले. मग स्टर्न एकटा बाहेर आला, स्वतः मुखवटा न लावता, आणि बाखची एक संथ सरबांद वाजवली. एक व्हायोलिन. तेव्हा मोठ्या ताफ्याचे भक्त असलेले आम्ही सीलबंद खोलीत बसलो होतो, आणि मागे वाद्यवृंद नाही याची उणीव आम्हांला जाणवलीसुद्धा नव्हती. त्यावरून पुढे मत बदलायला एवढी वर्षे लागावीत, याची आता लाज वाटते.

लाज दुसऱ्या एका गोष्टीचीही वाटते. काही वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्या बायकांची मेंदीची आणि लग्नाची मराठी गाणी कोणी ध्वनिमुद्रित केली. काम चांगल्या मनाने केले, नाव घेत नाही. पण गाणी ‘सुनी’ वाटू नयेत म्हणून मागे यंत्रावरची व्हायोलिने आणि ढोलकी भरली. ऐंशी वर्षांच्या बाईचा आवाज त्यात असा दडला की शब्द लागत नाहीत. समारंभात सीडी वाजली तेव्हा आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि म्हणालो, आता आपली गाणी मोठ्या संगीतासारखी वाटतात. १८८० च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी मराठीत कीर्तने सुरू केली, तेव्हा गाणारा एक आणि साथीला दोन-तीन, यावर अब्राहामापासून सगळ्या कथा उभ्या राहत होत्या. त्या बायकांपैकी काही आता नाहीत. मूळचा, मागे काही न भरलेला आवाज कोणी जपून ठेवला असेल तर त्याची प्रत काढून या अंकाकडे कळवावे, एवढी आमची विनंती आहे.

निघायच्या आदल्या रात्री नातीने टेबलावर फोन ठेवला आणि म्हणाली, “सब्बा, मलिद्याच्या वेळी म्हणता ते एलियाहू हन्नबीचे म्हणा.” आवाज आता उरला नाही असे म्हणून पाहिले, ऐकेना. म्हटले. नातजावई म्हणाला, यात खाली हलकासा पियानो घालता येईल, तो बरा वाजवतो. आम्ही नको म्हटले. ऐकून पाहिले तर दुसऱ्या कडव्यात आम्ही अडखळलो आहोत, बाहेर पाऊस आहे आणि स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी दिली आहे. ती काढू का, असे नातीने विचारले. राहू दे म्हटले.